गोधडीखालचा भात

९ जानेवारी, गुरुवार. बर्फ थांबलंय, वारा आहे.

ही वही बाईंना दाखवायची नाही. सुटीतली दैनंदिनी म्हणून शाळेत द्यायची ती वही वेगळी, ती घरी कपाटावर राहिली. तिच्यात मी काल लिहिलंय, "आज आईला घरकामात मदत केली. मन प्रसन्न झालं." बाई त्यावर जांभळा शिक्का मारतील. त्यांना तेवढंच लागतं. तारीख, वार, हवा आणि एखादं चांगलं काम.

खरं असं आहे की मी घर सोडलंय. चोलामहून मुखो बंदराला जाणाऱ्या गाडीत मासेवाल्या बायकांच्या रिकाम्या घमेल्यांमध्ये बसून हे लिहितेय. या बायका सकाळी मासे घेऊन आमच्या खाणीच्या गावात येतात आणि संध्याकाळी परत जातात. तिकीट तपासनीस आला तेव्हा शेजारच्या जाड्या काकूने काही न विचारता माझ्यावर ताडपत्री टाकली आणि पायाने मला आत सरकवलं. आता माझ्या केसांनाही माशांचा वास येतोय.

पिशवीत बाबांचा पितळी वाडगा आहे, झाकणासकट. मी चोरलेला नाही. बाबांचा आहे म्हणून घेतला.

भांडण त्यावरूनच झालं. बाबा होते तेव्हा रोज संध्याकाळी त्यांचा भात या वाडग्यात भरून, झाकण लावून, चुलीची धग खालून फिरते त्या गरम जमिनीवर गोधडीखाली ठेवलेला असायचा. पाळी संपवून काळेकुट्ट होऊन ते यायचे, हातपाय धुऊन आधी हात गोधडीखाली घालायचे आणि नखाने झाकण वाजवायचे. टण्ण. म्हणजे "आलो बरं का." मी कुठेही असले तरी तो आवाज ऐकला की पळत यायची. पानगळीत खाणीचं छत कोसळलं आणि बाबा त्यात गेले. त्यानंतर जोंगसनवालीने वाडगा धुऊन फळीवर उपडा ठेवून दिला.

जोंगसनवाली म्हणजे बाबांची दुसरी बायको. माझी आई मी रांगत होते तेव्हाच गेली. ही दोन वर्षांपूर्वी जोंगसनहून लग्न होऊन आली, म्हणून अख्खी गल्ली तिला जोंगसनवाली म्हणते. मी तिला काहीच म्हणत नाही. काही हवं असलं तर जवळ जाऊन उभी राहते.

काल तिने त्या वाडग्यात माझा भात वाढला. म्हणाली, "आजपासून हा तुझा." वर काळा घेवडा! मला घेवडा आवडत नाही हे गल्लीतल्या कुत्र्यालाही माहीत आहे. घेवडा लागायचा तो बाबांना, त्याच्याशिवाय त्यांना जेवल्यासारखं वाटायचं नाही. मी वाडगा ढकलून दिला. आणि आज दुपारी बघते तर ती बाबांचा तपकिरी स्वेटर उसवत बसलेली. अर्धी बाही गेली होती, मांडीवर लोकरीचा गुंडा. वाडगा गेला, स्वेटर गेला, आता माझाच नंबर. नळावर बायका बोलत होत्या ते मी ऐकलंय. "पोटची थोडीच आहे? जाईल ती माघारी, पोरीला काकाच्या गळ्यात बांधून."

तिने जायच्या आधी मीच निघाले.

आत्ता गाडी उलटी चालली आहे. इथला उतार इतका आहे की गाडीला थोडं पुढे, थोडं मागे असं करत उतरावं लागतं. बाबा म्हणायचे, "डोंगर सोडायचं मन होत नाही बघ तिला." या सुटीत ते मला मुखोचा समुद्र दाखवणार होते. "मी खणलेला कोळसा समुद्र बघून जहाजात बसला," म्हणायचे, "राहिलो आपण दोघंच."

१० जानेवारी, शुक्रवार. ढग. दुपारी बर्फ.

काल समुद्र दिसलाच नाही, नुसता ऐकू आला. अंधार पडला होता. जाड्या काकूच्या मागे मागे मी टेकडी चढले, पण चिखलात माझा कापडी बूट रुतला आणि तो काढेपर्यंत ती दिसेनाशी झाली. त्या टेकडीवर सगळीकडे मासे वाळत घातलेले, हजारो, तोंड वासून. पाय बधिर झाले होते. एका घराचं दार लोटलेलं होतं, आत दिवा होता, माणूस नव्हतं.

मी आत गेले. जमीन गरम होती. गोधडीखाली पाय घातले तर अंगठ्याला काहीतरी लागलं. झाकणाचा वाडगा. झाकण मी स्वतःच्या हाताने काढलं, कुणी काढायला लावलं नाही. आत भात होता, घेवड्याचा एकही दाणा नसलेला. मी सगळा खाल्ला. झाकणाला आतून पाणी सुटलं होतं, तेही चाटलं.

तेवढ्यात गमबूट घातलेली एक म्हातारी दारात आली. तिने मला पाहिलं, मग उघडं झाकण पाहिलं, आणि ती उंबऱ्यावरच बसली. मला वाटलं, आता झाडूने बडवणार.

"गरम होता?" तिने विचारलं.

"हो."

"पुरला?"

"अजून थोडा असता तर..."

"हावरट कुठली," असं म्हणून तिने ओला हातमोजा माझ्या पाठीत हाणला आणि परत तांदूळ धुवायला घेतले. बराच वेळ ती माझ्याकडे पाठ करून नाक ओढत होती. चुलीला धूर फार होता.

जेवताना चौकशी झाली. मी म्हणाले, माझं नाव सुक-जा. (खरं ओक-रिम आहे.) मी गांगनुंगला काकाकडे चाललेय, ते मला न्यायला येणार आहेत.

"कधी?"

"लवकर."

"बरं. मग लवकर येईपर्यंत मासे धू. फुकट गिळायला घालायला मी काही तुझी मावशी नाही, ए कोळशे."

"कोळशे का म्हणता?"

"कानामागं बघितलंस कधी आरशात?"

११ जानेवारी, शनिवार. स्वच्छ.

समुद्र निळा असतो हे खरंच निघालं. आमच्या शाळेत ओढ्याचं चित्र सगळे काळ्या रंगाने काढतात, कारण आमचा ओढा काळाच आहे. निळा रंग बाई उगीच संपवायला लावतात असं मला वाटायचं. बाबा, समुद्र निळा आहे.

दिवसभर काम केलं. बोटीवरून म्योंगथे नावाचे मासे येतात. बायका बंदरावर ते फाडतात, गाभोळी वेगळी, आतडी वेगळी, आणि मासे घमेल्यात भरून डोक्यावर चुंबळ ठेवून टेकडीवर आणतात. आजी (त्या गमबूटवाल्या म्हातारीला मी आजीच म्हणते) आणि मी ते गार पाण्यात धुतो आणि दोन-दोन एकत्र बांधून मांडवावर वाळत टांगतो. गार म्हणजे इतकं गार की बोटं कुणा दुसऱ्याची वाटतात. गाडीतली जाडी काकू शेजारीच राहते. ती उल्जिनची म्हणून उल्जिनवाली. मला बघून तिने डोळे मिचकावले आणि ताडपत्रीबद्दल एक शब्द बोलली नाही.

एक विचित्र गोष्ट. काल सकाळी आजीने माझ्यासाठी ताजा भात केला आणि स्वतः ताटलीभर भाजलेला बटाटा खाल्ला. उल्जिनवाली दारातून म्हणाली, "काय गं, आज शिळा भात नाही?" आजी म्हणाली, "आज उरलाच नाही."

आणि रात्रीच्या जेवणाआधी तिने पुन्हा तो वाडगा भरून गोधडीखाली ठेवला. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "याला हात लावशील तर बोट तोडीन." मग थोड्या वेळाने, "भूक लागली तर माग. मागून खा."

१४ जानेवारी, मंगळवार. धुकं.

वाडगा दोक-पालचा आहे. दोक-पाल म्हणजे आजीचा मुलगा. त्याची बोट ज्या हिवाळ्यात परत आली नाही, त्याला बरीच वर्षं झाली. त्यालाही घेवडा आवडत नव्हता. शहाणा माणूस.

मी विचारलं, "तुम्ही रोज ठेवता आणि तो येत नाही, मग भाताचं काय होतं?"

"सकाळी मी खाते, पाणी घालून."

"रोज शिळा?"

"अगं, घरी वाडगा भरलेला असला की माणूस जिथं असेल तिथं उपाशी राहत नाही. माझी आई असंच करायची, तिची आईपण."

मी विचारलं, "मेलेल्या माणसाचा ठेवला तर?" आवाज साधा ठेवला होता.

आजीने मासा खाली ठेवला. "मेलेल्याचं वेगळं. त्याला वर्षातून एकदा पाट मांडायचा, भातात चमचा उभा खोचायचा, वाकून नमस्कार करायचा. तो येतो, जेवतो, जातो. गोधडीखालचा वाडगा फक्त जिवंताचा. चालत घरी येणार त्याचा."

म्हणजे जोंगसनवालीने बाबांचा वाडगा फळीवर ठेवला तो या नियमाने बरोबरच होता. बरोबर असला म्हणून काय झालं? मला नव्हता आवडला.

आज फार आठवण आली. पगाराच्या दिवशी बाबा डुकराचं मटण आणायचे. खाणवाल्यांनी ते खाल्लं की घशातली कोळशाची पूड उतरते म्हणे. मला पहिला तुकडा, मग तिला, मग स्वतःला. बाबांची पाठ मी चोळायची. कितीही चोळली तरी मणक्याच्या खळगीत एक काळी रेघ राहायचीच. ते म्हणायचे, "राहू दे, ओळख पटायला बरी." मला तेव्हा हसू यायचं. खाणीतून त्यांना बाहेर काढलं तेव्हा मला कुणी जवळ जाऊ दिलं नाही. ती एकटी आत गेली होती ओळख पटवायला.

१७ जानेवारी, शुक्रवार. थोडं बर्फ, मग ऊन.

नशीब फळफळलं. उल्जिनवालीने मला लोकरीचे हातमोजे दिले. म्हणाली, वर खाणीकडे एका बाईने माशांच्या बदल्यात दिले, माझा तर त्यात अंगठासुद्धा जात नाही, तूच घाल. मला अगदी मापाचे बसले. डाव्या हाताची करंगळी माझी वाकडी आहे, तिथेही दाटत नाहीत. रंग तपकिरी. बाबांच्या स्वेटरची लोकर अशीच होती. चोलामच्या बाजारात एकाच रंगाची लोकर येत असणार.

माझा पितळी वाडगा आजीने पिशवीत पाहिला. कुणाचा ते विचारलं नाही. राख लावून घासला, इतका की त्यात माझं नाक दिसायला लागलं. आता संध्याकाळी गोधडीखाली दोन वाडगे असतात. आज मांडवावरून आले, हात आत घातले आणि नकळत झाकणावर नख मारलं. टण्ण.

"ते काय गं?" आजी म्हणाली.

"बाबा वाजवायचे."

बोलून गेले आणि जीभ चावली. काकांकडे जाणाऱ्या मुलीने "वाजवायचे" का म्हणावं? पण आजी ऐकून न ऐकल्यासारखी किमचीचा आंबवलेला कोबी कापत होती. मग म्हणाली, "आमचा दारातून ओरडायचा, मेलो गं भुकेने. आख्ख्या टेकडीला कळायचं जेवायला बसला ते."

ती हसली. मीही हसले. बाबांबद्दल बोलून हसू येऊ शकतं हे मला माहीत नव्हतं.

२० जानेवारी, सोमवार. ओलं बर्फ, दिवसभर.

आज मी वाईट वागले. मासे भिजू नयेत म्हणून सकाळपासून ताडपत्र्या ओढत होतो. आजीचे गुडघे दुखत होते. दर थोड्या वेळाने म्हणायची, दोक-पाल असता तर एका हाताने ओढली असती, दोक-पाल आला की हा मांडव नवा बांधू. माझे पाय ओले, हात ओले. मी ओरडले, "तो यायचा नाही! समुद्रात गेलेला माणूस इतक्या वर्षांनी येतो का? माझे बाबा नाही आले, तोही नाही येणार!"

आजीने ताडपत्रीची दोरी बांधून पूर्ण केली. गाठ दोनदा तपासली. मग म्हणाली, "समुद्र माझ्या दारात आहे, पोरी. मला तू सांगणार?"

"मग वाडगा का ठेवता?"

"नाही ठेवला तर संध्याकाळी मी करू काय?"

मी आत जाऊन रडले. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच आवाज काढून रडले. आजी आली, शेजारी बसली आणि माझे मोजे चुलीपाशी वाळत घालत राहिली. म्हणाली, "नाव तरी खरं सांग आता. सुक-जा म्हणून हाक मारली की तिसऱ्या हाकेला वळतेस."

"ओक-रिम."

"हं. हे बरं आहे."

२२ जानेवारी, बुधवार. स्वच्छ, फार थंडी.

काल उल्जिनवाली संध्याकाळच्या गाडीने परतल्यावर आमच्याकडे येऊन बसली. आजी गाभोळीला मीठ लावत होती. उल्जिनवाली तिलाच सांगत होती, पण मोठ्याने, जणू आजी बहिरी आहे.

"चोलामला एक बाई बघते मी. नवरा गेला खाणीत. घरात माणूस म्हणून नाही, पण रोज गोधडीखाली वाडगा भरून ठेवते. मी जाते तेव्हा सकाळी तोच गार भात पाण्यात कालवून खाते आणि जाते कामाला, कोळशातले दगड वेचायला. चार घास जात नाहीत धड. काटकुळी झालीय."

"कुठल्या आळीत?" मी विचारलं.

"पुलापलीकडे, नळाच्या मागं. जोंगसनची आहे म्हणतात."

आजीने मान वर केली नाही. मीठ लावत राहिली.

रात्रभर मी विचार केला. म्हणजे जोंगसनवालीला आजीचाच आजार झाला तर. तिने बाबांचा वाडगा पुन्हा ठेवायला सुरुवात केली. पितळी वाडगा माझ्याकडे आहे, कशात ठेवते कुणास ठाऊक. आजीचं एक ठीक आहे, तिचा मुलगा निदान सापडलेला नाही. पण बाबांना तर तिने स्वतः पाहिलंय. वेड्यासारखा रोज वाडगा ठेवून शिळा भात खात राहिली तर तीही मरेल. तिला समजावणारं दुसरं कुणी नाही. मलाच जाऊन सांगावं लागणार, की अहो, बाबा गेले, आता ठेवू नका.

तिला सोडून जायचंच असेल तर जाऊ दे नंतर. पण जोंगसनला जायचं तर पोटभर जेवून जावं.

सकाळी आजीला म्हणाले, "काका यायला उशीर होतोय, मीच जाते."

"गांगनुंगला?"

"नाही. दुसरीकडे."

"जा," आजी म्हणाली. "भरून ठेवलेला भात कुणी खाल्ला नाही ना, तर सकाळी ठेवणारीच्या घशाखाली उतरत नाही. मी गिळला इतकी वर्षं, मला विचार."

२३ जानेवारी, गुरुवार. बर्फ.

आजी स्टेशनपर्यंत आली. गमबुटातच. वाळलेल्या म्योंगथेची जुडी माझ्या पाठीला बांधली आणि म्हणाली, "तू आलीस त्या दिवशी वाडगा पहिल्यांदा रात्री घासला मी. कायम सकाळी घासायची."

"आज ठेवणार?"

"ठेवणार की. तू आलीसच ना? तसं येतं कुणी ना कुणी."

गाडी सुटली तेव्हा तिने हात हलवला नाही. चुंबळ डोक्यावर ठेवली आणि बंदराकडे वळली. मला फार फार वाईट वाटलं. उन्हाळ्याच्या सुटीत मी येणार आहे, तिला सांगितलंय. ती म्हणाली होती, "हातमोजे घेऊन ये, उन्हाळ्यात पाणी तेवढंच गार असतं." खोटारडी.

चढावर गाडी पुन्हा उलटी चालली. या वेळी मला वाटलं, लवकर चल की गं.

चोलामला उतरले तर जोंगसनवाली फलाटावर उभी. कामावरून तशीच आलेली, भुवयांवर कोळशाची पूड, खांद्यांवर बर्फ. कुणाला तरी पोचवायला आली असावी असं मला वाटलं. मला पाहून ती जागची हलली नाही. मग जवळ आली आणि आधी माझे हात पाहिले.

"बसले का?"

"काय?"

"काही नाही." माझ्या पाठीवरची जुडी तिने स्वतःच्या पाठीला बांधली आणि पुढे चालू लागली. गाडीत मी सगळं भाषण तयार केलं होतं, पण तिच्या पाठीकडे बघून ते तोंडातून निघेना. ती खरंच काटकुळी झाली होती.

घरी पोचल्यावर मी उभ्याउभ्याच बोलून टाकलं. "बाबा येणार नाहीत. तुम्हालाही माहीत आहे. त्यांचा वाडगा आता ठेवायचा नाही. शिळा भात खायचा नाही."

ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "हात घाल."

मी गोधडीखाली हात घातला. वाडगा पितळी नव्हता. माझा जुना, काठाला टवका उडालेला चिनी मातीचा वाडगा होता, वर बशी झाकलेली. तरीही मी मनात म्हणत होते, बाबांचा दुसरा कशात ठेवणार, माझ्यातच ठेवला असेल. मग बशी काढली.

घेवड्याचा एक दाणा नव्हता. कोपऱ्यात, तळाशी, कुठेच नव्हता. दाणे होते तिथे मऊ जांभळे डाग तेवढे राहिले होते. भात घेवडा घालून शिजवला होता आणि मग कुणीतरी एक एक दाणा वेचून काढला होता. दिवसभर कोळशातले दगड वेचून आल्यावर.

बाबांना घेवड्याशिवाय भात कुणी वाढला नसता.

पुढचं भाषण मी गिळलं आणि भात खाल्ला. ती समोर बसून वेचलेले दाणे खात होती. दाणे संपल्यावर म्हणाली, "बाहेर जाऊन जो घरी येतो, त्याचा तो पितळी वाडगा असतो. आता तूच होतीस तशी, म्हणून दिला होता. मला नीट सांगता आलं नाही."

२ फेब्रुवारी, रविवार. स्वच्छ.

उद्या शाळा. बाईंची वही काढली तर मधली सगळी पानं कोरी. कामं काय, बनवता येतात. अडलं ते हवेपाशी. मुखोची हवा लिहिली तर पकडली जाईन, आणि खोटी लिहिली तर वर्गातल्या बाकीच्यांच्या वह्यांशी जुळणार नाही. बाई हवा मात्र ताडून बघतात. दर सुटीनंतर अर्धा वर्ग हवेवरच आपटतो.

ती दिवा लावत होती. मी उद्यासाठी घेवडा निवडून भिजत घालत होते. आता तिची पाळी माझ्या शाळेनंतर सुटते, म्हणून तिचा भात मी ठेवायचा असं ठरलंय. बाबांच्या वाडग्यात. मी सहज विचारलं, "दहा तारखेला हवा कशी होती, आठवतंय का तुम्हाला?"

"दिवसभर बर्फ," ती म्हणाली. "गाडी फार उशिरा आली."

"अकराला?"

"उघडलं होतं. पण वारा असा, की फलाटावर उभं राहवेना."

"चौदाला?"

"धुकं. इंजिनाचा दिवा अगदी जवळ येईपर्यंत दिसला नाही. उतरणारे पण ओळखू येत नव्हते, एकेकाच्या तोंडाशी जाऊन बघावं लागलं."

माझी पेन्सिल थांबली. ती मात्र सांगत होती, एकही दिवस न चुकता, कधी ओलं बर्फ, कधी टिपूर चांदणं, विचार करायला न थांबता. आमच्या वर्गात सगळ्यात हुशार मुलीलाही इतकी हवा पाठ नसेल. सांगता सांगता सतरा तारखेपाशी आलो तेव्हा मी माझ्या हातमोज्यांकडे बघितलं. ते खुंटीवर वाळत होते.

"सतराला तर तुला माहीत होतं ना मी कुठे आहे ते?"

तिला मी "तू" म्हणाले हे मला नंतर कळलं. तिला लगेच कळलं असावं, कारण दिव्याची वात तिने उगाचच दोनदा वर-खाली केली.

"माहीत होतं. मासेवालीने आधीच सांगितलं होतं. म्हणाली, न्यायला जाऊ नकोस, तिची ती येऊ दे."

"मग रोज स्टेशनवर कशाला?"

"कशाला म्हणजे? गाडी तर रोज येतच होती."

हवा लिहून झाली. खाली चांगलं काम काय लिहायचं ते काही केल्या सुचेना. शेवटी प्रत्येक पानावर एकच ओळ लिहिली, आज आई स्टेशनवर गेली होती. बाई विचारतील, सगळीकडे तेच काय, शिक्काही मारणार नाहीत. नाही मारला तर नाही.